तसबीर टांगायची आहे? आधी भिंत वाजवून बघा

तसबीर पडली की दोष खिळ्याला मिळतो. खिळा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, तसाच्या तसा सरळ. तो ज्यात ठोकला होता ते प्लास्टर दगा देतं. घरातल्या आतल्या भिंतीवर साधारण १२ ते १५ मिलिमीटर प्लास्टर असतं, त्यावर एक-दोन मिलिमीटर पुट्टी आणि रंग. एक इंची खिळा म्हणजे २५ मिमी. त्यातला ८-१० मिमी कडी अडकवायला बाहेर राहिला, तर आत गेला तो सगळा प्लास्टरमध्येच संपला, विटेपर्यंत पोचलाच नाही. छोटा फोटो त्यावर वर्षानुवर्षं राहील. चार-पाच किलोची काचेची फ्रेम लावली की भोकाची खालची कड रोज थोडी थोडी चुरते, खिळा मान टाकतो आणि एका रात्री काचांचा सडा पडतो.

म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी भिंत कशाची आहे ते बघून घ्या. एकाच घरात तीन तऱ्हेच्या भिंती असू शकतात.

भिंत ओळखणं

बोटाच्या पेरांनी ठोकून बघा. भरीव, आखूड आवाज आला आणि बोटं दुखली तर आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) किंवा वीट. आवाज पोकळ आला तर दोन शक्यता: एक तर ते जिप्सम बोर्डचं पार्टिशन आहे, नाहीतर तिथलं प्लास्टर विटेपासून सुटून फुगलं आहे. पार्टिशन सगळीकडे पोकळ वाजतं; फुगलेलं प्लास्टर तेवढ्याच हातभर जागेत. फुगलेल्या जागी काहीही टांगू नका, ड्रिल लावलंत तर थाळीएवढा पोपडा हातात येईल.

खात्रीचा निकाल भुगा देतो. जिथे पुढे फ्रेमच येणार आहे अशा ठिकाणी ४-५ मिमीचं एक चाचणीचं भोक पाडा आणि कागदावर भुगा धरा. आधी पांढरी पुट्टी पडेल, मग करडं प्लास्टर, आणि त्यानंतर जे येईल ती तुमची भिंत.

लाल किंवा नारिंगी भुगा म्हणजे भाजलेली वीट. काम सोपं आहे. करडा भुगा पण ड्रिल बऱ्यापैकी सरकतंय, तर राखेची वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक. ब्लॉक पोकळ असेल तर बिट (ड्रिलच्या तोंडाला लावलेली सळी) मध्येच एकदम आत घुसतं.

पांढरट करडा, रवाळ भुगा आणि बिट लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, तर सिपोरेक्स. नव्या इमारतींमध्ये या हलक्या ठोकळ्यांच्या भिंती खूप असतात. सगळ्यात जास्त तक्रारी याच भिंतींच्या, आणि चूक बहुतेकदा एकच: विटेला करतात तसंच ड्रिलिंग केलेलं असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

बारीक करडी पूड येतेय, बिट पुढे जाईना, मशीन किंचाळतंय, तर ती आरसीसी. जुन्या इमारतीत हे फक्त कॉलम आणि बीमवर होतं. ज्या टॉवरांत अख्खा मजला ॲल्युमिनियमच्या साच्यात एकदम ओततात, ज्याला साइटवर मायवान म्हणतात, तिथे जवळजवळ प्रत्येक भिंत अशीच असते.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भिंत असते. भुगा लालच, पण विटेपेक्षा ओलसर, पिवळसर छटेचा, आणि दगडात छिद्रं असल्याने बिट कधी सरसर तर कधी अडत जातं. मातीच्या किंवा भेंड्यांच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) जुन्या भिंतीत ड्रिल न केलेलंच बरं. तिथे पूर्वीचे लोक लाकडी खुंटी भिंत बांधतानाच बसवत. ती असेल तर तीच वापरा, नाहीतर तुळईला हुक लावून तिथून तार खाली सोडा.

फ्रेमचं वजन

अंदाजाने दोन-तीन किलो असेल म्हणतो ती फ्रेम सहा किलोची निघते. प्रवासाची बॅग मोजायच्या काट्याचा हुक मागच्या तारेला लावून उचला, झालं. काटा नसेल तर हिशोब करा. काच दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो भरते. २ फूट बाय ३ फूट, म्हणजे ६० बाय ९० सेंटिमीटरच्या फ्रेमला ३ मिमी काच असेल तर नुसती काचच चार किलो. मागचं ३ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) सव्वा किलो, लाकडी पट्टी सव्वा-दीड किलो. एकूण साडेसहाच्या आसपास. काचेऐवजी ॲक्रिलिक घातलं तर काचेचं वजन निम्म्याहून खाली येतं. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वर काही लावायचंच असेल तर ॲक्रिलिकच घाला. त्यावर चरे पडतात हे खरं, पण ते डोक्यावर पडलं तर फुटून रक्त काढत नाही.

ढोबळ हिशोब असा: दीड-दोन किलोपर्यंत स्टीलचा खिळा चालतो. दोन ते आठ किलोसाठी ६ मिमीचा रावल प्लग (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, तिच्यात स्क्रू आवळतात) आणि आठ नंबरचा स्क्रू. त्यापुढे ८ मिमीचा प्लग, आणि एक नाही, दोन.

फ्रेमची मागची बाजू

इथे सहसा कोणी बघतच नाही. दुकानातून आलेल्या फ्रेमला पाठीमागे वरच्या पट्टीच्या मधोमध एकच पत्र्याची कडी असते, दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेली. लहान फोटोला ठीक. मोठ्या फ्रेमला अख्खा भार वरच्या एका पट्टीवर येतो, ती मधून वाकते आणि कोपऱ्यांचे जोड उघडतात.

दोन डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराच्या कड्या) घ्या आणि उभ्या पट्ट्यांवर, वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर, समोरासमोर लावा. स्क्रू पट्टीच्या जाडीपेक्षा ३-४ मिमी आखूड हवा, नाहीतर टोक पुढून डोकावतं. आधी १.५ मिमीच्या बिटने छोटं भोक पाडा, म्हणजे लाकूड चिरत नाही. हल्ली बऱ्याच फ्रेम लाकडी नसून फायबरच्या पट्टीच्या असतात. त्यात आतून फोम असतो, स्क्रू पकडच घेत नाही. अशा फ्रेमची पट्टी बोटाने दाबून बघा. हलकी आणि प्लास्टिकसारखी वाटली तर मागे ६ मिमी प्लायची एक आडवी फळी पट्टीला चिकटवून त्यावर कड्या लावा, किंवा फ्रेमवाल्याकडून मागची पाठच प्लायची करून घ्या.

दोरीचं म्हणाल तर सुतळी नको. ती कुजते, आणि कसर तिच्यावर जगते. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून आज सरळ लावलेली फ्रेम महिन्याने दोन सेंटिमीटर खाली आलेली दिसते. साधी बांधकामाची तार गंजते आणि वळवलेल्या जागी तुटते. प्लास्टिकचं आवरण असलेली, अनेक बारीक तारा पिळून केलेली तार घ्या. कडीतून दोनदा ओवा आणि उरलेलं टोक मुख्य तारेभोवती पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा.

तार किती सैल ठेवायची? फार ताठ असेल तर ती फ्रेमलाच आत ओढते. सहा किलोच्या फ्रेमला तार आडव्यापासून फक्त १५ अंशात वर गेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या तारेत प्रत्येकी साडेअकरा किलोपेक्षा जास्त ताण येतो. ३० अंशांत तो सहा किलो, ४५ अंशांत सव्वाचार. तेव्हा ३० अंशांच्या खाली जाऊ नका. फ्रेम आडवी आणि रुंद असेल तर हा कोन साधायला तार इतकी सैल ठेवावी लागते की ती फ्रेमच्या वरून दिसायला लागते. अशा वेळी तारेचा नादच सोडा. दोन डी-रिंग, भिंतीत दोन स्क्रू, प्रत्येकावर निम्मं वजन आणि तेही सरळ खाली. फ्रेम वाकडी होण्याचा प्रश्नही यात मिटतो. दार आपटणारं घर, रेल्वे रुळाजवळची इमारत, रोज झटकणी फिरवणारे हात, या सगळ्यांत एका खिळ्यावरची फ्रेम आठवड्यात तिरकी होते.

उंची आणि जागा

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला. हा नियम कलादालनातून चालत जाणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या बैठकीत लोक दिवाणावर, सोफ्यावर बसूनच असतात, तर १५ सेंटिमीटर खाली आणा. भारतीय बैठक असेल तर आणखी खाली. आपल्याकडे सर्वसाधारण चूक उलटी होते, चित्र फार वर जातं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तसबिरी छताजवळ ओळीने लावलेल्या असत हे खरं, पण त्या पुढे झुकलेल्या असत: खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली आणि वरून दोरीने पुढे कललेली. त्यामुळे खाली जमिनीवर बसलेल्याला चेहरा नीट दिसायचा आणि काचेवर उजेड चमकत नसे. आपण उंची घेतली, कल सोडून दिला. फ्रेम उंच लावणं भागच असेल तर ती झुकवा. खालच्या दोन कोपऱ्यांना दोन खिळ्यांचा आधार द्या, आणि कड्या फ्रेमच्या वरच्या टोकाजवळ न लावता थोड्या खाली लावा. कड्या जितक्या खाली, तितका कल जास्त.

सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर मागे टेकणाऱ्याचं डोकं लागतं. रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश: सहा फुटी सोफ्यावर चार फुटांपर्यंत. एकच एवढी मोठी नसेल तर दोन-तीन फ्रेम मिळून.

कुठे लावू नये याची यादी जास्त महत्त्वाची. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाहेरची भिंत, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो आणि पाणी आत झिरपतं. तिथे लावलेल्या फ्रेमच्या मागे ऑगस्टमध्ये बुरशी सापडते. उन्हाची तिरीप थेट पडते ती भिंत, रंगीत फोटो दोन-तीन वर्षांत निळसर पडतात. गॅसच्या शेगडीजवळ तेलकट थर बसतो, समईच्या बरोबर वर काजळी. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत नळ असतात, ती टाळाच.

आणि विजेच्या तारा. लपवलेली वायरिंग बहुतेक ठिकाणी स्विचबोर्डापासून सरळ वर जाते, सॉकेटपासून सरळ वर किंवा खाली, आणि छताजवळच्या गोल झाकणाच्या जंक्शन बॉक्सकडे आडवी. प्रत्येक बोर्डाच्या वर-खाली दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटरचा पट्टा निषिद्ध समजा. वायरिंग कुठून गेली आहे ते माहीत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात पाचेकशे ते दीड हजारात मिळणारा डिटेक्टर घ्या. त्या खोलीचा एमसीबी बंद करा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन बोर्डाने आणा. एसी असलेल्या भिंतीत पाण्याची निचऱ्याची नळीही लपवलेली असू शकते, ती सहसा युनिटच्या एका कोपऱ्यातून तिरकी खाली जाते.

खूण

भोक कुठे पाडायचं हे डोळ्याने ठरवू नका. सूत्र असं:

भोकाची उंची = मध्याची उंची + फ्रेमची निम्मी उंची − फ्रेमच्या वरच्या कडेपासून हुकपर्यंतचं अंतर

शेवटचं अंतर तार ताणून मोजायचं. फ्रेम उलटी टेबलावर ठेवा, तार मधोमध बोटाने वर ओढा आणि बोटापासून वरच्या कडेपर्यंत टेप लावा. आपल्या ६० बाय ९० च्या उभ्या फ्रेमला कड्या वरून ३० सेंटिमीटरवर असतील तर ३० अंशांत ताणलेली तार वरच्या कडेपासून साधारण १४ सेंटिमीटर खाली येते. मध्य १४८ वर हवा. १४८ + ४५ − १४ = १७९. भोक १७९ सेंटिमीटरवर.

दोन भोकांसाठी मास्किंग टेपची एक पट्टी फ्रेमच्या मागे दोन्ही कड्यांवरून ताणून चिकटवा, कड्यांच्या वरच्या टोकाशी पेन्सिलने टिंब काढा, पट्टी सोलून तशीच भिंतीवर लावा, पाणसळीने सरळ करा. भोकं बरोबर टिंबावर पाडा. मोजमापात होणाऱ्या बऱ्याचशा चुका यानेच टळतात. पाणसळ नसेल तर मोबाइलमधली लेव्हल चालते, पण फोन कव्हरमधून काढून आणि कॅमेऱ्याचा उंचवटा नसलेल्या बाजूवर उभा करून. दोन भोकांत दीड मीटरहून जास्त अंतर असेल तर गवंड्याची पाणनळीच खरी: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतंच.

एक सावधगिरी. छत आणि लादी कधीच अगदी समतल नसतात. पाणसळीने सरळ लावलेली फ्रेम खिडकीच्या चौकटीशेजारी वाकडी दिसत असेल तर चौकट वाकडी आहे. त्या वेळी पाणसळ बाजूला ठेवा आणि डोळ्याला बरी दिसेल तशी लावा. लोक ती डोळ्यानेच बघणार आहेत.

भोक

सामान: हॅमरची सोय असलेलं (फिरता फिरता ठोकेही देणारं) ड्रिल, ६ मिमीचं काँक्रीट बिट (दुकानात दोन सुती मागितलं तरी तेच देतात, पण ते किंचित जाड असू शकतं, मिमीतच मागा), ३० मिमी लांबीचा ६ मिमी प्लग ज्याला बरेच दुकानदार गिट्टी म्हणतात, आणि आठ नंबरचा दोन इंची स्क्रू. दोन इंची का, तर प्लग ३०, त्याआधी प्लास्टरचे १५, आणि कडीसाठी बाहेर ५. बरोबर ५० मिमी. बाजारात प्लगबरोबर जो सव्वा इंची स्क्रू मिळतो तो घेतलात तर प्लग प्लास्टरमध्येच ठेवावा लागतो, आणि आपण पुन्हा जिथून सुरुवात केली तिथेच.

बिटच्या टोकापासून ५५ मिमीवर टेप गुंडाळा, म्हणजे खोली कळते. खुणेवर मास्किंग टेपची फुली चिकटवा, पुट्टी उडत नाही आणि बिट घसरत नाही. खाली जुन्या कॅलेंडरचं पान दुमडून खिशासारखं चिकटवा, सगळा भुगा त्यात पडतो. डोळ्यांवर चष्मा.

सुरुवातीचे ३-४ मिमी हॅमर बंद ठेवून, हळू फिरवत. पुट्टीतून गेलं की हॅमर चालू. मशीन भिंतीला काटकोनात धरा, तोंड अगदी किंचित खाली झुकलेलं चालेल, म्हणजे स्क्रूचं डोकं बाहेरच्या बाजूला थोडं वर राहतं. वर झुकलेलं मात्र नको, कारण मग कडी घसरून बाहेर येते. मध्येमध्ये बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा, भुगा निघतो. मशीन हलवू नका. भोक रुंद होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

भोक झालं की भुगा काढा. तोंडाने फुंकलंत तर सगळा डोळ्यांत येईल. मुलांची होळीची रिकामी पिचकारी कोरडी करून दोनदा मारा. भुगा राहिला तर प्लग पूर्ण आत जात नाही, आणि गेला तरी भुग्यावर फिरतो.

प्लग हातोडीने हलकेच भिंतीच्या समतल बसवा, मग स्क्रू दोन आटे लावून त्यालाच हातोडीने टिचकी मारत प्लग आणखी १५ मिमी आत ढकला, म्हणजे तो विटेत जाऊन बसतो. आता स्क्रू आवळा. शेवटची काही वळणं जड गेली पाहिजेत. शेवटपर्यंत सहज फिरत राहिला तर प्लग पकडत नाहीये, तिथेच थांबा. हाताने खाली जोरात ओढून बघा, फ्रेमच्या दुप्पट तरी ताकदीने.

सिपोरेक्समध्ये हॅमर अजिबात नको. नुसतं फिरवा, आणि बिट प्लगपेक्षा एक माप बारीक घ्या: ८ च्या प्लगला ६ किंवा ७. प्लग लांब हवा, ६० मिमीच्या पुढे. या ठोकळ्यांसाठी बाहेरून पिळाचे पंख असलेले वेगळे प्लग मिळतात, मोठ्या दुकानात विचारा. साधा ३० मिमीचा प्लग इथे आज पकडतो आणि भार कायम राहिला की पोकळी करत सुटतो. खिळा ठोकायचा असेल तर तो हलक्या फोटोलाच, आणि खाली तिरका.

आरसीसीत उलट अडचण: भोक पडतच नाही. साध्या घरगुती ड्रिलने पाच मिनिटं दाबून बिट लाल करण्यापेक्षा दिवसाच्या भाड्याने रोटरी हॅमर आणा, एका भोकाला पंधरा-वीस सेकंद लागतात. मायवानच्या भिंतीवर प्लास्टर नाममात्र असतं, त्यामुळे तिथे ३५ मिमी खोली आणि दीड इंची स्क्रू पुरे. बिट एकदम अडलं आणि धातूचा आवाज आला तर सळई लागली आहे. कापायचा प्रयत्न करू नका, तीन सेंटिमीटर बाजूला सरका आणि आधीचं भोक बुजवा. सळई उघडी राहिली तर दमट हवेत गंजायला लागते.

जांभ्यात बिट पोकळीत गेलं की प्लग सैल बसतो. भोकात दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी भरा, त्यात प्लग दाबा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू घाला. जिप्सम बोर्डच्या पार्टिशनवर तीन किलोंपर्यंत पंख उघडणारा पोकळ भिंतीचा प्लग चालतो. जास्त वजनाला आतली पत्र्याची उभी पट्टी शोधा, चुंबक फिरवलं की तिचे स्क्रू सापडतात, पट्ट्या सहसा ६० सेंटिमीटरवर असतात.

सोसायटीत दुपारी ड्रिल लावू नका. पुण्यात हे सांगायला लागत नाही.

फक्त खिळा ठोकायचा असेल तर

काळा स्टीलचा खिळा, दीड ते दोन इंची. साधा लोखंडी खिळा वाकतो. तो कपड्यांच्या चिमट्यात धरा, बोट वाचतं. खाली ३० अंश तिरका आणि थोड्या, ठाम घावांनी. टुकटुक टुकटुक केलं की प्लास्टर भोवती खिळखिळं होतं. खिळा अडला आणि उसळायला लागला तर मागे काँक्रीट आहे, हट्ट करू नका.

चिकटपट्टीचे हुक भाड्याच्या घरात सोयीचे, पण मर्यादा ओळखून. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा. ऑइलबाउंड डिस्टेंपरवर आणि चुन्यावर ते रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात. गुळगुळीत प्लास्टिक इमल्शनवर, टाइल्सवर बरे टिकतात. नवा रंग असेल तर निदान आठवडाभर थांबा. जागा स्पिरिटने पुसा, हुक दाबून धरा, तासभर काही टांगू नका. काचेच्या फ्रेमला शक्यतो नकोच.

हाराची तसबीर

दिवंगतांच्या आणि देवांच्या तसबिरीचं गणित वेगळं. फ्रेम टांगलेल्या स्क्रूवरच हार अडकवतात, आणि मग दर वेळी हार काढताना फ्रेम हलते, कधी निसटते. झेंडूचा ओला मोठा हार अर्ध्या किलोपर्यंत भरतो. हारासाठी फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांच्या थोडं वर, बाजूला दोन वेगळे छोटे हुक लावा. हारातलं पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत जमतं आणि कागद खालून पिवळा पडत जातो, म्हणून हार आधी झटकून घ्या आणि फ्रेमच्या खालच्या आतल्या सांध्याला काचेकडून पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ मारून घ्या. कुंकू काचेला लावा, पट्टीला नको. पितरांची दिशा म्हणून अनेक घरांत असे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर असतात. ती बाहेरची भिंत असेल तर फ्रेमच्या मागे हवा खेळती ठेवण्याची काळजी दुप्पट.

हवा खेळवायची सोपी युक्ती: खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची किंवा बुचाची ४-५ मिमी जाड टिकली चिकटवा. फ्रेम भिंतीला घासत नाही, रंगावर काळा पट्टा उमटत नाही, आणि तिरकीही होत नाही. दहा रुपयांत तीन कामं.

घरात जुनं छापील चित्र असेल, म्हणजे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या रवि वर्मा प्रेससारख्या छापखान्यातलं, तर फ्रेम बदलताना कागदाच्या कडा कापू देऊ नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. काच आणि चित्र यांच्यामध्ये माऊंटची (जाड पुठ्ठ्याची) चौकट हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो.

अनेक फ्रेम एकत्र

सगळ्या आधी जमिनीवर मांडा. मधलं अंतर ५ ते ७ सेंटिमीटर, सगळीकडे सारखं. प्रत्येकीच्या आकाराचा वर्तमानपत्राचा कागद कापा, त्यावर हुकची खूण करा, कागद भिंतीवर चिकटवून एक दिवस राहू द्या. घरातले सगळे मतं देतील, ती आत्ताच ऐकलेली बरी. मग कागदावरूनच भोक पाडा आणि कागद फाडून टाका. सगळ्यात मोठी फ्रेम आधी, मधून बाहेर.

बिघडलं तर

भोक मोठं झालं, प्लग फिरतो: माचिसच्या दोन-तीन काड्या गुल तोडून प्लगशेजारी ठोका. हलक्या फ्रेमला पुरतं. जड असेल तर भोक ८ मिमीचं करून मोठा प्लग घाला. भोवतीचं प्लास्टरच कोसळलं असेल तर सैल भाग खरवडून, ओला करून, सिमेंट-वाळूने भरा, सात दिवस पाणी मारा, आणि नवं भोक त्या ठिगळात न पाडता शेजारच्या पक्क्या जागेत पाडा. पुट्टी आणि पीओपीने भरलेल्या भोकात पुन्हा स्क्रू घालू नका, ती फक्त दिसायला भरलेली असतात.

दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवताना पाठ बघून घ्या. पाठीच्या कागदाला पाणी-डाग, तारेवर गंजाचा ठिपका, मातीची बारीक रेघ म्हणजे वाळवीची वाट. बुरशी असेल तर घरात झटकू नका, गॅलरीत नेऊन कोरड्या मऊ ब्रशने. काच पुसताना फवारा कापडावर मारा, काचेवर नाही.

घर सोडताना प्लग उपटू नका, सोबत प्लास्टर येतं. स्क्रू काढा, प्लग हातोडीने ५ मिमी आत ढकला, पुट्टी दोन वेळा भरा, पहिली वाळून खाली बसल्यावरच दुसरी, मग १८० नंबरच्या सँडपेपरने घासा. रंगाचा डबा उरला असेल तर एक हात. नसेल तर तेवढी जागा वेगळी दिसणारच, तिथे येणारा नवा भाडेकरू पहिलं कॅलेंडर टांगेल.